कापायची राहिलेली डोलकाठी

१ जुलै २०१८, रविवार. दुपारी १२

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या ले साब्ल-दोलोन बंदरातून गोल्डन ग्लोब शर्यत सुटली. एकट्याने, कुठेही न थांबता, बाहेरची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. अंतर सुमारे ३०,००० सागरी मैल.

‘थुरिया’ या बोटीवर अभिलाष टॉमी. भारतीय नौदलाचे कमांडर, मूळचे वैमानिक, वय ३९. ही प्रदक्षिणा त्यांनी आधी एकदा केली होती. १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले, ३१ मार्च २०१३ ला मुंबईत परतले. तेव्हाची ‘म्हादेई’ ५६ फुटांची होती. थुरिया ३२ फुटांची. दोन्ही बोटी गोव्याच्या, दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेल्या.

जुन्या गोव्याहून दिवाडीला जायला फेरीबोट लागते. गप्पा रंगायच्या आत मांडवी ओलांडून होते. त्या पाण्यावर थुरियाने पहिल्यांदा आपला भार टाकला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. तिथून इथवर वर्षही पुरे झालेले नव्हते.

शर्यतीचे नियम मुद्दाम जुने ठेवलेले. १९६८ च्या पहिल्या शर्यतीत जे नव्हते ते आताही नाही. जीपीएस नाही, उपग्रहावरून हवामानाचे नकाशे नाहीत. सेक्स्टंट, कागदी नकाशे, लांब पल्ल्याचा रेडिओ आणि चावीचे घड्याळ. जीपीएस आणि सॅटेलाइट फोन आहेत, पण संकटासाठी, बंद पिशवीत. शिवाय एक ट्रॅकर. तो बोटीची जागा किनाऱ्याला कळवतो आणि त्यावरून छोटे संदेश पाठवता येतात.

चावीच्या घड्याळाचा मुद्दा हौसेचा नाही. सेक्स्टंटने रेखांश काढायचा तर वेळ सेकंदापर्यंत बरोबर हवी. घड्याळ ४ सेकंद चुकले की रेखांश १ मिनिटाने चुकतो. म्हणून या शर्यतीतला प्रत्येक खलाशी रोज ठरल्या वेळी घड्याळाला चावी देतो.

पन्नास वर्षे मागे. सप्टेंबर १९६८

थुरिया ही ‘सुहेली’ची प्रतिकृती. सुहेली मुंबईत बांधलेली, सागवानी, तीही ३२ फुटी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला तिच्यातून इंग्लंडच्या फालमाउथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतले. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला वळसा घालणारा पहिला माणूस. त्या वर्षी नऊ जण निघाले होते. पोचले ते एकटे.

दक्षिण महासागरात शिरल्यावर पहिल्याच मोठ्या वादळात सुहेली आडवी झाली होती. सावरली तेव्हा केबिनचे छत जागचे हललेले होते. डोलकाठ्या मात्र शाबूत राहिल्या. या हकिगतीचा जो तो आपापल्या परीने अर्थ लावतो. कुणी म्हणते, ३२ फुटी बोट त्या समुद्रात तगते. कुणी म्हणते, ३२ फुटी बोट त्या समुद्रात आडवी होते. दोन्ही खरे.

१९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने पंधरा खलाशी घेतले. त्यानंतर साउदॅम्प्टनला बोटींची छोटी प्रारूपे पाण्याच्या टाकीत सोडून चाचण्या झाल्या. निष्कर्ष असा: फुटणारी लाट बोटीच्या लांबीच्या तीस टक्के उंचीची असली आणि बोट तिला आडवी सापडली, तर बोट उलटू शकते. साठ टक्के असली तर जवळपास कुठलीही बोट उलटते. थुरियाची लांबी पावणेदहा मीटर. म्हणजे तीन मीटर आणि सहा मीटर. हे आकडे लक्षात ठेवावेत.

ऑगस्टची अखेर. केपटाउनच्या नैर्ऋत्येला ४०० मैल

२६ ऑगस्टला इकडे नारळी पौर्णिमा झाली. कोकणात दर्याला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. त्याच सुमारास दक्षिण अटलांटिकमध्ये नॉर्वेचे आरे वीग यांची बोट लाटेने पुरी उलटवली. ती सरळ झाली तेव्हा डोलकाठी गेलेली होती.

वीग यांनी हाताशी असलेल्या सामानातून कामचलाऊ डोलकाठी उभी केली, तिला तुकडाभर शीड बांधले आणि कुणाची मदत न घेता केपटाउन गाठले. शर्यत संपली, माणूस आणि बोट वाचली. बातमी बाकीच्यांना कळली. तिचाही अर्थ दोन प्रकारे लावता येत होता.

१३ सप्टेंबर, गुरुवार

महाराष्ट्रात आणि गोव्यात गणपती बसले. थुरिया तेव्हा आफ्रिकेचे टोक मागे टाकून हिंदी महासागराच्या दक्षिण भागात पूर्वेकडे चालली होती. दक्षिणेला चाळीस अक्षांशांच्या आसपासचा हा पट्टा. पश्चिमेचा वारा इथे पृथ्वीभोवती फिरत राहतो, त्याला अडवायला जमीन जवळपास नाही. लाटा एका वादळात तयार होतात आणि पुढच्या वादळाला आयत्या मिळतात.

२१ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळ

शर्यतीचा ८३ वा दिवस. थुरिया तिसरी. साडेदहा हजार सागरी मैल कापून झालेले, म्हणजे दिवस-रात्र धरून ताशी सव्वापाच मैलांची सरासरी. लाकडी, जुन्या घडणीच्या बोटीला ही चाल उत्तम.

जागा: ३९ अंश ३३ मिनिटे दक्षिण, ७८ अंश ३ मिनिटे पूर्व. हा रेखांश आपल्या ओळखीचा आहे. यवतमाळहून नाकासमोर दक्षिणेला निघालो, कन्याकुमारीच्या थोडे पूर्वेने समुद्रात उतरलो आणि वळलोच नाही, तर याच पाण्यात पोचू. सूर्य तिथेही जवळपास आपल्याच वेळेला उगवतो. कन्याकुमारीपासूनचे अंतर पावणेतीन हजार सागरी मैलांच्या वर. ऑस्ट्रेलियातले पर्थ १,९०० मैल. सर्वांत जवळची जमीन म्हणजे फ्रान्सच्या ताब्यातले ॲमस्टरडॅम बेट, उत्तरेला शंभरेक मैल. तिथे एक संशोधन केंद्र आणि त्याचा छोटा दवाखाना. विमानतळ नाही.

सर्वांत जवळचा माणूस नैर्ऋत्येला ९० मैलांवर: आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन, ‘हॅन्ली एनर्जी एन्ड्युरन्स’ या ३६ फुटी, दोन डोलकाठ्यांच्या बोटीवर.

वारा वाढत चालला.

२१ सप्टेंबर. दुपारपर्यंत

वारा ७० नॉट, म्हणजे ताशी १३० किलोमीटर. लाटा १४ मीटर.

वर दोन आकडे लक्षात ठेवायला सांगितले होते. तीन आणि सहा.

याच वादळात नेदरलँड्सचे मार्क स्लॅट्स यांची बोट दोनदा आडवी झाली आणि दोन्ही वेळा सावरली. मॅकगकिन यांच्या बोटीची आधी मागची धाकटी डोलकाठी गेली. मग बोट पुरी उलटली आणि मुख्य डोलकाठीही गेली.

थुरिया एकदा आडवी झाली, सावरली. डोलकाठ्या जागेवर होत्या. टॉमी बाहेर होते.

ती पुन्हा आडवी झाली.

तास ०

पुढचे त्यांनीच नंतर सांगितले आहे. बोट आडवी झाली तेव्हा त्यांनी डोलकाठी धरली. बोट सरळ होऊ लागली तसे ते डोलकाठीबरोबर वर उचलले गेले. हात सुटले. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा दोरांत अडकला आणि काही क्षण ते त्या पट्ट्यावर लोंबकळत राहिले. मग पट्टा तुटला. ते शिडाच्या आडव्या काठीवर, बूमवर, पाठीवर पडले. उंची सुमारे नऊ मीटर, म्हणजे तिसऱ्या मजल्याइतकी.

उठायला गेले तर पाय हालेनात. थुरियाची डोलकाठी मोडलेली होती.

तास ०. पहिली दहा मिनिटे

डोलकाठी मोडली की काय करायचे, हे दर्यावर्दी लोकांना पाठ असते. पहिली दहा मिनिटे डोलकाठीसाठी नसतात. माणूस बोटीवर आहे का, तो जागा आहे का, बोटीत पाणी शिरते आहे का, एवढेच पाहायचे. इंजिन सुरू करायचे नाही. पाण्यात पडलेले दोर पंख्यात गुंततात आणि होते तेही जाते.

थुरियावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय होते. दुसऱ्याचेही. टॉमी सरपटत केबिनकडे निघाले.

तास ०. पहिला तास

इथे थोडे थांबावे लागेल, कारण पुढचे सगळे या तासात ठरते.

डोलकाठी स्वतःच्या जोरावर उभी नसते. पुढून एक तार, मागून एक, दोन्ही कुशींना दोन-तीन: अशा पोलादी तारा तिला चारी बाजूंनी ताणून धरतात. काठी मोडली तरी बहुतेक तारा शाबूत राहतात. त्यामुळे मोडलेली डोलकाठी वाहून जात नाही. शीड, दोर, तारा यांच्यासकट ती बोटीच्या कुशीला पाण्यात लोंबकळते आणि प्रत्येक लाटेबरोबर तिचे मोडके टोक बोटीवर आदळते. तासाभरापूर्वी जी बोटीला ओढत होती, ती आता घणासारखी तिच्यावर पडत असते. मिनिटाला पाच-सहा लाटा धरल्या तर तासाला तीनशेहून जास्त घाव.

म्हणून पहिल्या तासाचे काम डोलकाठी वाचवण्याचे नसते, ती टाकून देण्याचे असते. दुरुस्तीची सुरुवात तिथून होते.

तार कापायला मोठी कातर असते, हॅकसॉ असते. पण त्याहून साधा उपाय तारेच्या खालच्या टोकाला असतो. तिथे बोटाएवढी जाड पिन असते आणि ती निसटू नये म्हणून तिच्या भोकातून एक स्प्लिट पिन घातलेली असते. केसांच्या आकड्यासारखी, दोन पायांची. पाय बाहेर वाकवून दुमडलेले. ते पक्कडीने सरळ करायचे, पिन ओढायची, जाड पिनेवर हातोडीचा एक घाव घालायचा, की तार सुटली. गॅरेजात हे पोरगेसुद्धा करते. बोट डोलत असताना, डेकवर पोटावर पडून, बधिर बोटांनी, मिठाने चिकटलेल्या पिनेशी हे करायला एका पिनेमागे दहा मिनिटेही जातात. अशा पिना सात-आठ. शेवटची तार कापण्याआधी बूम आणि हाताला लागतील ते तुकडे आत ओढून ठेवायचे. उद्याची डोलकाठी त्यांतून व्हायची असते.

या कामाला दोन हात लागतात, आणि गुडघ्यांवर तरी उभे राहता यावे लागते.

थुरियावर पक्कड होती, कातर होती, पिना होत्या. टॉमी केबिनमध्ये बंकवर पडले होते. डोलकाठी बाहेर होती.

तास १ नंतर. संदेश

ले साब्ल-दोलोनमधल्या शर्यतीच्या कचेरीत थुरियाचा संदेश आला. चारच तुकडे: उलटलो. डोलकाठी गेली. पाठीला जबर मार. उठता येत नाही.

टॉमींनी ईपर्ब सुरू केला. हे संकटाचे यंत्र उपग्रहामार्फत बचाव केंद्राला जागा कळवत राहते. शोधकार्य ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरातल्या केंद्राने हाती घेतले. सॅटेलाइट फोन पिशवीत होता. पिशवी केबिनमध्येच होती. बोट ३२ फुटांची. तिच्या केबिनमध्ये कुठलीही वस्तू फार लांब असूच शकत नाही. पिशवीपर्यंत पोचता येत नाही, असा पुढचा संदेश आला.

ती पिशवी कुठे अडकवायची हे बंदरात ठरलेले असते. चालता येणाऱ्या माणसाने, चालता येणाऱ्या माणसासाठी ठरवलेले.

२१ सप्टेंबर, रात्र. ९० मैल नैर्ऋत्येला

मॅकगकिन यांच्याकडेही तेच घड्याळ चालू होते. दोन्ही डोलकाठ्या गेलेल्या, पण ते स्वतः धड होते. हाच फरक, एवढाच.

डोलकाठ्यांचा पसारा बोटीपासून सोडवला. उलटापालटीत इंधन घाण झाले होते, त्यामुळे इंजिनाचा भरवसा नव्हता. राहिले ते शीड. आणि त्यासाठी आधी काठी.

कामचलाऊ डोलकाठी उभारायची रीत शंभर वर्षांपूर्वीची तीच आहे. डेकवर दोन काठ्या टोकाशी बांधून कैची करायची, किंवा एकच काठी मोडक्या बुंध्याला वेटोळे घालून बांधायची. वर चढवण्याआधीच तिच्या टोकाला चारी बाजूंचे दोर बांधायचे, कारण नंतर वर जाता येत नाही. मग ओढायचे. पहिल्या प्रयत्नात ती पडते. शीड लहानात लहान, वादळी हवेचे, तेही आडवे लावायचे म्हणजे उंची कमी लागते. एवढे करून चाल मिळते ताशी दोन मैल, वारा मागून असेल तर तीन.

आणखी एक गोष्ट आहे, जी किनाऱ्यावर बसून उलटी वाटते. डोलकाठी गेली की बोट हलकी होते, म्हणजे शांत व्हायला हवी. होते उलटे. उंचावरचे ते वजन बोटीचे डोलणे संथ ठेवत असते. ते गेले की बोट बुचासारखी झटके खाते आणि पुढच्या लाटेला आणखी सहज उलटते. दुरुस्ती करायची ती या झटक्यांत.

शर्यतीचे नियम आता उरलेच नव्हते. नव्वद मैल, ताशी दोन. पंचेचाळीस तास. मॅकगकिन यांनी बोटीचे तोंड थुरियाकडे केले.

२२ सप्टेंबर, शनिवार

टॉमींचे संदेश तुटक होत गेले. पायाची बोटे हलतात. बधिर वाटते. खाता-पिता येत नाही. नंतरच्या एका संदेशात कळले की थंड चहाचे डबे कसेबसे ओढून घेतले आहेत. उलट्या थांबत नाहीत. छातीत जळजळ.

नकाशावर जहाजांची जमवाजमव चालली होती. फ्रान्सचे ‘ऑसिरिस’ हे मासेमारीवर पहारा ठेवणारे जहाज सर्वांत जवळ, तरी दोन दिवसांहून जास्त लांब. ऑस्ट्रेलियाची युद्धनौका ‘बॅलरॅट’ पर्थच्या बाजूने निघाली. १,९०० मैल, ताशी २० धरले तरी ९५ तास. भारतीय नौदलाने ‘आयएनएस सातपुडा’ वळवली आणि तमिळनाडूतल्या अरक्कोणमचे पी-८आय विमान मॉरिशसला नेऊन ठेवले. हेलिकॉप्टरचा पल्ला कुठूनच पोचत नव्हता.

डोलकाठी अजून थुरियाच्या कुशीला होती.

एक मोडकी डोलकाठी बोटीचे काय करू शकते, ते याच शर्यतीत पुढे दिसले. २० ऑक्टोबरला फ्रान्सचे लोईक लपाज यांची डोलकाठी पर्थच्या नैर्ऋत्येला ६०० मैलांवर गेली. बोट ठीक आहे, कामचलाऊ काठी उभारून किनारा गाठतो, असे त्यांनी कळवले होते. ते कामात असताना बोटीत पाणी भरू लागले. २२ तारखेला एका मालवाहू जहाजाने त्यांना उचलले आणि बोट बुडाली. ५ डिसेंबरला केप हॉर्नच्या पश्चिमेला २,००० मैलांवर ब्रिटनच्या सूझी गुडॉल यांची बोट शेपटीकडून उलटली. ग्रीनिचच्या ११ वाजता त्यांच्या ईपर्बची खूण फालमाउथला पोचली. काठी उभारायला काहीच शिल्लक राहिलेले नव्हते. दोन दिवसांनी चीनहून निघालेल्या मालवाहू जहाजाने त्यांना क्रेनने वर घेतले.

आणि ५ नोव्हेंबरला आघाडीवरच्या जाँ-लुक व्हाँ डेन हीड यांची बोट उलटून डोलकाठीचा सांधा ढिला झाला. काठी पडली नाही. मग वयाच्या ७३ व्या वर्षी हा माणूस भर समुद्रात पुन्हा पुन्हा त्या डोलकाठीवर चढला, दोरांनी ती आवळली आणि २९ जानेवारी २०१९ ला शर्यत जिंकून परतला.  थुरियावर शुक्रवारी डोलकाठी मोडली, इथे ती तगली, एवढे खरे. यापलीकडे या दोन नोंदींतून मला काही शहाणपण काढता आलेले नाही.

२३ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७.५० (भारतीय वेळ)

डोलकाठी मोडून चाळीसेक तास.

मॉरिशसहून पहाटे उडालेले पी-८आय दीड हजारांवर सागरी मैल कापून थुरियावर पोचले. वरून दिसले ते असे: बोट तरंगते आहे. डोलकाठी मोडलेली, बाजूला लोंबकळते आहे. बोट प्रमाणाबाहेर डोलते आहे. डेकवर कुणी नाही.

विमान वरून गेले तेव्हा थुरियावरून ईपर्बची खूण आली. केबिनमध्ये पडलेल्या माणसाने विमानाचा आवाज ऐकला होता आणि त्याचा हात त्या यंत्रापर्यंत पोचत होता.

बोट तरंगते आहे, हे वाक्य साधे वाटते. दोन रात्री आणि एक दिवस डोलकाठी तिच्यावर आदळत होती. लाकडी फळ्यांनी ते सोसले होते. फळ्या दिवाडीच्या.

विमान खाली उतरू शकत नाही. घिरट्या घालून, फोटो घेऊन ते परतले.

२३ सप्टेंबर. दिवसभर

अनंत चतुर्दशी. गिरगाव चौपाटीवर दुपारपासून गणपती येऊ लागले. मोठ्या मंडळांची विसर्जने सोमवार सकाळपर्यंत चालणार होती. वृत्तवाहिन्यांवर मिरवणुकांच्या खाली सरकणाऱ्या पट्टीत टॉमींचे नाव अधूनमधून येत होते.

मॅकगकिन कामचलाऊ शिडावर ईशान्येकडे सरकत होते. वारा उतरला होता, लाटा अजून होत्या. त्यांच्या बोटीवर डॉक्टर नव्हता, स्ट्रेचर नव्हते, आणि दोन बोटी लाटांत एकमेकींना भिडवून मणका मोडलेला माणूस एकट्याने उचलता येत नाही. जवळ पोचणे एवढेच त्यांच्या हातात होते.

रात्र झाली. थुरियावर तिसरी.

२४ सप्टेंबर, सोमवार

ऑसिरिस पोचली. समुद्र त्या मानाने निवळला होता. रबरी होड्या पाण्यात उतरल्या, माणसे थुरियावर चढली. केबिनमध्ये टॉमी शुद्धीवर होते, बोलत होते. त्यांना स्ट्रेचरवर बांधून होडीत आणि होडीतून जहाजावर घेतले. डोलकाठी मोडल्याला सत्तरेक तास झाले होते.

ॲमस्टरडॅम बेटावरच्या दवाखान्यात क्ष-किरण तपासणी झाली. मणके मोडले होते. आयएनएस सातपुडा त्यांना तिथून घेऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विशाखापट्टणमला आली. नंतर शस्त्रक्रिया झाली, पाठीच्या कण्यात टायटॅनियमच्या सळया बसवल्या.

पण तो सोमवार अजून संपलेला नव्हता. टॉमींना आत घेतल्यावर ऑसिरिस मॅकगकिन यांच्याकडे वळली. थुरियाकडे येता येता त्यांनी बरेच अंतर तोडले होते. त्याच दिवशी तेही आपली बोट सोडून जहाजावर चढले. तीन दिवसांच्या मेहनतीने उभी केलेली काठी तिथेच राहिली.

ऑसिरिस उत्तरेला निघाली तेव्हा मागे दोन बोटी रिकाम्या तरंगत होत्या. एका बोटीवर जोडलेली डोलकाठी होती, दुसरीला मोडलेली.